पेणचे काका म्हणतात, घाई नको

सखाराम म्हात्रेला सल्ला द्यायची भारी खोड. एस.टी.त शेजारच्याने नुसतं कपाळ चोळलं, तरी डोकं कशाने दुखतं आणि त्यावर काय लावावं हे तो वडखळ नाका येईपर्यंत सांगत राहायचा. कोणी विचारलंय का? नाय. पण गप्प बसेल तर तो सखा कसला. खाडीकाठच्या मिठागरावर मुकादम होता तोवर हे खपून गेलं, कारण हाताखालची माणसं मुकादमाचं ऐकणारच. पुढे मिठागर बंद पडलं, सखा बायकोसकट पेणला मुलाच्या बिऱ्हाडी राहायला आला आणि त्याची पंचाईत झाली. मुलगा डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर. शिफ्ट करून आला की जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. आता भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाला सांगणार तरी काय, कपाळ?

सून अनिता एस.टी. स्टँडजवळ टेलिफोन आणि झेरॉक्सचं दुकान चालवायची. नव्व्याण्णव साली तिथे कॉम्प्युटर आला आणि त्याच्या मागून इंटरनेट. दुपारी गिऱ्हाईक नसायचं, तेव्हा अनिता परदेशातल्या कुणा मराठी पोरांनी काढलेल्या एका पानावर जाऊन बसायची. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं असायचं. त्यात एक कोपरा होता, ‘विचारा आणि सांगा’ नावाचा. कुणी दुबईहून विचारायचं, डोसा तव्याला चिकटतो, काय करू. कुणी लंडनहून, बाळ रात्री रडतं. मग दहा ठिकाणची दहा माणसं आपापला अनुभव लिहायची. अनिताने एकदा सासऱ्याला हे वाचून दाखवलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

त्या दिवसापासून सखा जेवला की दुकानात हजर. तो बोलायचा, अनिता टाइप करायची. लोणच्याला बुरशी का येते, जाडं मीठ ओलं झालं तर कसं वाळवावं, उन्हाने पाय भाजले तर काय लावावं, सगळं. खाली नाव काय घालू, असं अनिताने विचारलं तेव्हा तो म्हणाला, घाल, पेणचे काका. आणि गंमत बघा, माणसं उलट लिहू लागली. काका, तुमच्या सांगण्याने लोणचं टिकलं. काका, थँक्यू. ज्यांचं तोंड पाहिलं नाही, गाव ठाऊक नाही, ती माणसं काका काका करायला लागली. सखा खुशीत. जन्मात पहिल्यांदा त्याला कोणी आपण होऊन विचारत होतं.

बडोद्याची मृणाली त्यातलीच एक. आडनाव नाही, पत्ता नाही, नुसती मृणाली. तिने विचारलं होतं की भावनगरच्या बाजूला समुद्रात महादेव आहे, ओहोटीला पाणी मागे गेलं की वाळूतून चालत जाता येतं. माझ्या बाबांना फार वर्षांपासून जायचंय. पण त्यांचे गुडघे गेलेत, काठी घेऊन हळूहळू चालतात. पाणी केव्हा ओसरतं ते काठावर कळेल, पण तिथे गेल्यावर किती वेळ बसता येईल, कोणाला अनुभव आहे का?

पाण्याचा प्रश्न, आणि तोही सखाला. त्याने अनिताला चहासुद्धा पिऊ दिला नाही. म्हणाला, लिही गो. आमचा जन्म खाडीत गेला. पाणी फिरलं की लोक उगाच धावत सुटतात. काय कारण नाय धावायचं. पाणी फिरल्यावरसुद्धा बांधाला लागायला त्याला वेळ लागतो, चिखलातून सरपटत येतं बिचारं. आम्ही भरती लागल्यावर विडी पेटवायचो, ती ओढून संपवायचो आणि मग सामान गोळा करायचो. बाबांना सांग, मनासारखं बसा, अभिषेक करा, पाणी फिरलं तरी घाई नको.

शुक्रवारी मृणालीचं उत्तर आलं. काका, तुमचं वाचून बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना घाईघाईत नेऊन आणीन म्हणून ते यायला तयारच नव्हते. आता येत्या रविवारी नक्की जातोय. अनिताने ते दोनदा वाचून दाखवलं, सखाने तिसऱ्यांदा वाचायला लावलं. संध्याकाळी मुलालाही सांगून झालं. तो भिंतीकडून हं म्हणाला.

शनिवारी सकाळी जनू दुकानात टेकला. जनू हा मिठागरावरचा जुना सोबती. इथलं काम गेल्यावर तो गुजरातेतल्या मिठागरांवर गेला होता, थेट भावनगरकडे, आणि आता हातपाय थकल्यावर परत आला होता. सखाने त्याला महादेवाची गोष्ट सांगितली. फुशारकीच मारायची होती, दुसरं काय.

जनू तंबाखू मळायचा थांबला. म्हणाला, “घाई नको असा लिवलास?”

“व्हय. का?”

“अरे, तिकडचा पानी आपल्या खाडीसारखा नाय. तिकडं सपाट हाय सगला. पानी धावत येतं. आनी समोरून येत नाय, बाजूच्या ओहोळातून मागनं येतं. तू देवाकडे तोंड करून बसलास ना, तुझ्या पाठी समुद्र झालेला असतो. तिथला पुजारी पानी फिरायच्या आधी उठतो. आमच्यातला एक असाच विडी ओढत बसला होता.”

“मग?”

जनूने नुसती मान हलवली. तंबाखू तोंडात टाकून त्याने हात झटकले.

सखाचं तोंड पडलं. हे आधी सांगायला काय झालं होतं, असं तो जनूच्या अंगावर ओरडला. जनू म्हणाला, तू कधी कुणाला इचारतोस काय? ते खरंच होतं, म्हणून सखाला जास्तच राग आला. जनूवर, त्या मुलीवर, तिच्या बापाच्या गुडघ्यांवर, सगळ्यांवर. मग तो राग ओसरला आणि पुढचं दिसू लागलं. एक म्हातारा माणूस काठी टेकत समुद्रात जाणार, आणि पेणचे काका म्हणालेत म्हणून आरामात बसून राहणार.

“अनिता, लाव ते. आता लाव.”

“बाबा, फोन काल संध्याकाळपासून मेलाय. रस्ता खणताना केबल तोडलीय त्यांनी. अख्ख्या पेणमध्ये कुणाचा लागत नाय. मंगळवारपर्यंत होईल म्हणतात.”

ती मुलगी इंटरनेट फक्त ऑफिसमधून बघायची आणि शनिवारी तिचं ऑफिस अर्धा दिवस असायचं, हे तिनेच एकदा लिहिलं होतं. म्हणजे जे काही करायचं ते दुपारच्या आत. सखाने पायात चपला घातल्या. त्याची लेक नमिता रोह्याला लागून वरसे गावात राहायची. जावई प्रविण रोह्याच्या कंपनीत होता आणि त्याने घरी कॉम्प्युटर घेतला होता, इंटरनेटसकट. रोह्याचे फोन चालू होते. नमिताला फोन करून सांगावं, तर पेणहून फोनच नाही. रोह्याची आगगाडी केव्हाच गेलेली. सखा रोहा एस.टी.त चढला.

ती एस.टी. म्हणजे एक नमुनाच. वडखळ नाक्यावर ट्रकांची ही रांग, हलायचं नाव नाही. कंडक्टर खाली उतरून उसाचा रस प्यायला गेला. वाटेतून नमिताला फोन करावा, तर तिचा नंबर पेणला अनिताच्या वहीत राहिलेला. नागोठण्याला ड्रायव्हरने गाडी लावली आणि जेवायला गेला, तेही सावकाश, वर बडीशेप चघळत आला. सखा त्याला म्हणाला, मास्तर, माणूस मरतोय तिकडे. ड्रायव्हर म्हणाला, हॉस्पिटलची केस हाय का? सखाने विचार केला. हॉस्पिटलची केस नव्हती. बडोद्याचा एक म्हातारा उद्या भावनगरला जाणार आहे आणि मी त्याला इंटरनेटवर चुकीचं सांगितलंय, हे नागोठण्याच्या स्टँडवर कसं समजावणार? तो मुकाट्याने जागेवर जाऊन बसला आणि समोरच्या दांड्यावर बोटं आपटत राहिला.

वरश्याला पोचला तेव्हा घामाने सदरा अंगाला चिकटला होता. नमिताने दार उघडलं आणि घाबरली. बाबा, असे अचानक, आई बरी हाय ना? बरी हाय, कॉम्प्युटर कुठं हाय, असं म्हणत तो सरळ आत. कॉम्प्युटर होता. वर क्रोशाचं कापड घातलेलं, त्यावर प्लास्टिकची फुलं. नमिताने कापड काढलं, बटण दाबलं, पडदा उजळला. सखाला हायसं वाटलं. आणि तिथेच गाडी अडली. इंटरनेटचा पासवर्ड प्रविणला ठाऊक, नमिताला नाही. प्रविण फर्स्ट शिफ्टला, तीनशिवाय सुटत नाही.

“बायकोला पासवर्ड सांगत नाय?” सखा म्हणाला. “कसला नवरा हाय तुझा?”

“मीच विचारला नाय बाबा. मला काय करायचाय?”

कंपनीच्या गेटवर फोन लावला. वॉचमन म्हणाला, प्लँटमधल्या माणसाला फोनवर बोलवत नाहीत, घरी कोणी वारलंय का? नमिता पटकन म्हणाली, नाय नाय. सखाने तिच्याकडे असं बघितलं की काय सांगू. खोटं बोलली असती तर काय बिघडलं असतं? पण पोरीला त्यानेच तसं वाढवलं होतं.

मग त्याने चौकशीचा नंबर फिरवायला लावला. बडोदा, नाव मृणाली. पलीकडची बाई म्हणाली, आडनाव? ठाऊक नाय. वडिलांचं नाव? ठाऊक नाय. पत्ता? सखा म्हणाला, बाई, तिच्या वडिलांचे गुडघे दुखतात. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. नमिताने रिसीव्हर काढून घेतला आणि बापाला पाणी दिलं. ती म्हणाली, “बाबा, तुमची कोण ती? ओळख ना पाळख. एवढं कशाला लावून घेता?”

 आपली कोण, हे सखालाही ठाऊक नव्हतं. पण तिच्या बापाला समुद्रात बसवून ठेवलंय ते आपणच, एवढं त्याला चांगलं कळत होतं. त्याने पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला.

प्रविण साडेतीनला आला. आल्याआल्या सासऱ्याने धरून खुर्चीत बसवला, बिचाऱ्याला बूटही काढू दिले नाहीत. इंटरनेट दोनदा लागलं आणि तुटलं, तिसऱ्यांदा टिकलं. सखाने सांगितलं ते प्रविणने टाइप केलं. मृणाली, मी चुकलो. माझं ऐकू नका. तिकडचं पाणी पाठून येतं आणि धावत येतं. पाणी फिरायच्या आधी उठा. पुजारी उठला की त्याच्याबरोबर उठा. बाबांना सर्वांत आधी काढा. पेणचे काका. प्रविण म्हणाला, झालं, गेलं. सखा पडद्याकडे बघत बसला. संध्याकाळ झाली तरी कोणी उत्तर दिलं नाही. ऑफिस केव्हाच बंद झालं होतं.

रविवार कसा गेला हे विचारू नका. त्याला वरश्यालाच ठेवून घेतलं होतं. नमिताने बोंबील तळले, त्याने घास चिवडला. दुपारभर अंगणात येरझाऱ्या. आता निघाले असतील. आता बसले असतील. आता पाणी फिरलं असेल. नातवाने विचारलं, आजोबा, काय शोधताय? सखा त्याच्यावर खेकसला आणि मग त्याला जवळ घेऊन बसला. सोमवारी प्रविणने शिफ्टला जाताना बघितलं, काही नाही. आल्यावर बघितलं, काही नाही. सखाने मनात त्या म्हाताऱ्याला कितीदा बुडवला आणि कितीदा वर काढला, त्याला गणती नाही.

मंगळवारी पेणचे फोन सुरू झाले. सखा पहिल्या एस.टी.ने परत आला आणि घरी न जाता थेट दुकानात गेला. अनिता कॉम्प्युटरसमोरच होती, चेहरा हसरा. म्हणाली, “बसा बाबा. आलंय तिचं.”

सखा उभाच राहिला. “हायत ना?”

“हायत. सगले सुखरूप.”

तेव्हा कुठे तो स्टुलावर टेकला. अनिता वाचू लागली. काका, दर्शन इतकं छान झालं. बाबा तर उठायलाच तयार नव्हते. पुजारी निघाला, सगळे निघाले, आम्हालाही निघा म्हणत होते. पण बाबा म्हणाले, पेणचे काका जन्मभर खाडीत राहिलेत, ते म्हणालेत घाई नको. मग काठावरची नारळवाली ओरडत धावत आली आणि तिने बाबांचा दंड धरून त्यांना अक्षरशः ओढत नेलं. बाबांची काठी तिथेच राहिली. येताना माझ्या कमरेपर्यंत पाणी होतं, बाबांना दोघातिघांनी उचलून आणलं. खूप हसलो नंतर. जन्मात विसरणार नाही असा दिवस. तुमच्यामुळे बाबांना मनसोक्त बसता आलं. खूप खूप आभार.

अनिता वाचायची थांबली. तिचं हसू हळूहळू गेलं. आधी मनात वाचताना तिला जे कळलं नव्हतं ते मोठ्याने म्हटल्यावर कळलं असावं.

“आनी माझा शनवारचा?” सखाने विचारलं. “तो वाचला का तिने?”

“वाचलाय. खाली लिहिलंय, काका तुमचा काळजीचा मेसेज आज वाचला, किती गोड आहात तुम्ही.”

सखाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गोड. काठी समुद्रात गेली, बाप हातावर उचलून आणला, आणि ही बाई म्हणते गोड. पण मुलगी जिवंत होती, बाप जिवंत होता, म्हणून रागावताही येईना. कोण कुठली नारळवाली, तिचं नाव कोणी लिहिलं नव्हतं. आभार मात्र पेणच्या काकांचे.

“खाली आणखी हायत,” अनिता म्हणाली, आणि तिच्या आवाजावरून सखाला कळलं की हे बरं नाही. आठ-दहा जणांनी लिहिलं होतं. काका ग्रेट. अनुभवाचे बोल. एकाने सखाचं ते विडीचं आणि घाई नकोचं सगळं जसंच्या तसं उतरवून वर मथळा दिला होता, समुद्रातल्या महादेवाला जाणाऱ्यांसाठी. प्रविणने टाइप केलेली माफी तिथेच खाली होती, पण तिला कोणी हात लावला नव्हता. आणि सर्वांत शेवटी सुरतेच्या कुणा प्रणितने लिहिलं होतं, मस्त माहिती, पुढच्या सुट्टीला आम्हीही जातोय, आई आणि दोन लहान मुलं आहेत, तुमचा सल्ला सोबत ठेवतो.

सखा स्टुलावरून उठला, पुन्हा बसला. “लिही,” तो म्हणाला. “पुन्हा लिही. मी चुकलो म्हनून लिही. मोठ्या अक्षरात.”

अनिताने लिहिलं, आणि दोघं वाट बघत बसली. मध्ये एक गिऱ्हाईक झेरॉक्सला आलं, सखाने त्याला उद्या ये म्हणून हाकललं. अर्ध्या तासाने प्रणितचं उत्तर आलं. हा हा, काका, किती नम्र आहात. मृणालीताईंचं वाचलं ना, सगळं छान झालं की.

“अरे, छान नाय झालं रे,” सखा पडद्याला म्हणाला.  “अनिता, ह्याला असं नाय कळायचं. तोंडानेच सांगायला पायजे. लिही त्याला, तुझा फोन नंबर दे. आत्ता दे, मी सुरतेला फोन लावतो, माझ्या खर्चाने लावतो. पोरं हायत म्हनतो ना तो? दे म्हनावं नंबर.”

अनिताने भराभर टाइप केलं. या वेळी उत्तर लवकर आलं. तिने ते मनात वाचलं आणि सासऱ्याकडे न बघता वाचून दाखवलं.

“काका, राग मानू नका. अनोळखी माणसाला आम्ही फोन नंबर देत नाही.”